पाळण्याचं चाक

१

मोटरसायकल सुरू होत नसेल तर आधी पेट्रोल बघायचं, मग ठिणगी, मग हवा. याच क्रमानं. तिन्हींपैकी एक काहीतरी अडलेलं असतं, चौथं कारण नसतं. हे मला कुठल्या मास्तरानं शिकवलं नाही. शाळेत मी फारसा गेलोच नाही. सामुदायिक शेतीच्या गॅरेजात मार खाऊन शिकलो आणि धाकट्या भावाला, एसेनगुलला, मार देऊन शिकवलं. तो माझ्यापेक्षा नीट शिकला, तेव्हा माझी पद्धत चुकीची होती असं कोणी सांगू नये.

एसेनगुल मागच्या शरदात गेला. वरच्या माळावर गवत कापायला गेला होता. छातीत कळ आली असणार, म्हणून पाळण्यात जाऊन बसला. पाळणा म्हणजे मोटरसायकलच्या उजव्या अंगाला जोडलेली बैठक, तिच्या स्वतःच्या चाकावर. आमच्या नारिनच्या डोंगराळ मुलखात सगळे तिला पाळणाच म्हणतात. तिथं बसल्या बसल्या गेला. शेजारच्या जीनालीला सापडला तेव्हा हात मांडीवर होते, गुडघ्यांवर ताडपत्री ओढलेली होती आणि टाकीखालची पेट्रोलची चावी बंद केलेली होती. छातीत आग पेटलेली असताना ह्या माणसाला आधी चावी आठवली. असला होता तो.

माणसं मरतात. मी रडलो, मेंढे कापले, गावाला जेवू घातलं आणि कामाला लागलो. पण त्याची बायको बुरुलचा कामाला लागली नाही.

आमच्या आजीच्या काळी घरधनी गेला की त्याचे कपडे लाकडावर चढवायचे, आत लोकर भरायची आणि ते बुजगावणं वर्षभर तंबूत बसवायचे. त्याला तूल म्हणत. बायको त्याच्या शेजारी बसून त्याची रडगाणी म्हणायची. मुल्लांनी ती चाल बऱ्यापैकी मोडली, उरलीसुरली पार्टीनं मोडली. मला वाटलं होतं विषय संपला. बुरुलचानं कुठून उकरून काढलं कोण जाणे. तिनं एसेनगुलच्या कोटात लोकर ठासून भरली, वर त्याची पांढरी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, टोपी ठेवली आणि तो ऐवज गोठ्यातल्या मोटरसायकलच्या पाळण्यात बसवला. गुडघ्यांच्या जागी ताडपत्री ओढली. जशी होती तशी.

हिवाळाभर मी बोललो नाही. पण बर्फ वितळायला लागलं तरी ती गोठ्यातच. दिवसा तिथं, झोपायला तिथं. माझी बायको कालिपा तिच्यासाठी दूध न्यायची, ते सायीसकट परत यायचं. दवाखान्यातली बाई येऊन गेली. जाताना मला फाटकाशी बाजूला घेऊन म्हणाली की आता औषधाचा उपयोग नाही, ही खात नाही, अशीच राहिली तर जनावरं कुरणावर चढायच्या आत तुम्हाला दुसरी कबर खणावी लागेल. एसेनगुलची एकुलती मुलगी मॉस्कोत, झाडलोट करते. तिला मी फोनवर काय सांगणार होतो? तुझी आई एका कोटापायी मेली?

मी तडक गोठ्यात गेलो आणि तो कोट मानगुटीला धरून ओढला. बुरुलचा त्याच्यावर आडवी पडली. अंगात मुठीएवढं मांस नाही, पण सोडेना. मी म्हटलं, पोरी, ही लोकर आहे, माझ्याच मेंढ्यांची.

"कोट लोकरीचा आहे, आके," थोरल्या भावाला म्हणतात तसं आके म्हणत ती बोलली. "पण तो बसलाय."

अगदी साध्या आवाजात म्हणाली. चूल पेटली आहे, असं सांगावं तसं. मला जास्त राग त्या आवाजाचा आला.

२

मी तिला सांगितलं, मी ही गाडी सुरू करतो. सुरू करून उजेडात काढतो, तुझ्या डोळ्यांसमोर माळावर फिरवतो. मग बघू कोण बसलंय ते. कबूल?

ती म्हणाली, कबूल. पण तो सुरू होऊ देणार नाही, म्हणे. गाडी तुमच्या हातात दिली की त्याच्या पोटात गोळा येतो.

मी हत्यारं घेऊन बसलो. टाकीत मागच्या वर्षीचं पेट्रोल होतं, त्याला वार्निशासारखा वास यायला लागला होता. ते ओतून टाकलं, ताजं भरलं. चावी उघडली. कार्बोरेटरची टिकली दाबली तर पेट्रोल बोटांवर आलं. म्हणजे पेट्रोल आहे. जीनालीच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली, प्लग काढून सिलिंडरला टेकवला आणि किक मारली तर निळी ठिणगी कडकडली. म्हणजे ठिणगी आहे. हवेच्या डब्यात उंदरांनी घर केलं होतं, ते पिल्लांसकट काढलं. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली तर दाबानं अंगठा उडाला. म्हणजे इंजिनाचा जीव शाबूत आहे. तिन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या.

किक मारली. काही नाही. दुसऱ्यांदा मारली, इंजिन खोकलं आणि गप्प. मग मारतच राहिलो. माझा गुडघा सुजला, कोट घामानं भिजला, आणि ते लोखंड थंडच. मी त्याच्या आईवरून, त्याच्या कारखान्यावरून आणि ज्यानं ते विकत घेतलं त्याच्यावरून बोललो.

मग प्लग काढून बघितला. कोरडा. पेट्रोल पोचतच नव्हतं. टाकीखाली हात घातला तर चावी बंद.

मी उघडली होती. उघडली नसती तर टिकली दाबल्यावर पेट्रोल आलं नसतं. पण माणूस म्हातारा होतो, हात डोक्याला न विचारता कामं करतो, तसं झालं असेल म्हटलं. पुन्हा उघडली. किक मारली, इंजिन एकदा धडधडलं, माझ्या तोंडावर हसू आलं, आणि ते घुटमळत विझलं. हात घातला. बंद.

बुरुलचा पलीकडे भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात बाह्यांत. तिथून टाकीपर्यंत तिचा हात पोचायला तो लग्नातल्या सतरंजीएवढा लांब पाहिजे होता. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पाळण्याकडे बघत होती. पाहुण्यांसमोर नवरा काही वेडंवाकडं करायला लागला की बायको त्याच्याकडे जसं बघते, तसं. जरा ओशाळून, जरा दटावून.

३

आता हे सांगायला पाहिजे. एसेनगुलला माझं चालवणं पसंत नव्हतं. मी जरा घोडीचं आंबवलेलं दूध पिऊन चालवत असेन, जरा वेगात चालवत असेन, तो माझा प्रश्न. तो पाळण्यात बसायचा आणि भीती वाटली की तोंडानं बोलायचा नाही. मोठ्या भावाला थांब कसं म्हणायचं? तो हळूच वाकायचा, टाकीखाली हात घालायचा आणि चावी बंद करायचा. गाडी थोडी पुढं जायची, खोकायची आणि मरायची. मी उतरून रागात क्रम विसरायचो आणि आधी ठिणगी बघायचो. तो आपला पाळण्यात ढगांकडे बघत बसलेला. ह्या भानगडीत मी त्याला नदीकाठी एकदा झोडपला होता आणि तरी त्यानं सोडलं नाही.

ही गोष्ट बुरुलचाला माहीत होती. म्हणून माझा संशय तिच्यावरच होता. कसं करते ते मला कळत नव्हतं, पण करत असणार. दुसरं कोण करणार? मी कालिपाला बोलावलं आणि सांगितलं, हिला आपल्या घरी ने, अंघोळ घाल, दोरीनं बांधावं लागलं तरी चालेल, पण मी सांगेपर्यंत इकडे सोडू नकोस.

कालिपानं तिला खांद्याला धरून उठवलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हाताऱ्या, तू लोखंडाशी भांडतोयस की मेलेल्याशी, ते आधी ठरव."

मी म्हटलं, दोघांनाही पुरून उरेन.

४

गोठ्यात मी एकटा उरलो. खिडकीतून ऊन येत होतं. बाहेर कोंबड्या होत्या, नदीचा आवाज होता. भीती वाटावी असं तिथं काही नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो.

पहिलं काम म्हणून तो कोट उचलला. आत ठासून भरलेली लोकर, जड होता. टोपीसकट भिंतीशी ठेवला. आणि गाडीकडे वळलो तर पाळणा खालीच बसलेला.

ज्यांनी ह्या गाड्या चालवल्या नाहीत त्यांना सांगतो. पाळण्याला खाली स्प्रिंग असते. माणूस बसला की पाळणा दबतो, उतरला की चार बोटं वर येतो. लहान मूल उतरलं तरी हलतो. एवढा जड कोट काढला, पाळणा तसूभर हलला नाही. चांगला भरला माणूस बसावा तसा दबून होता.

गंजली असेल. हिवाळाभर वजन होतं, दबून अडकली असेल. मी गुडघ्यावर बसलो, कंदील धरला, ग्रीस लावलं, पहारीनं खालून उचलून बघितलं. स्प्रिंग मोकळी होती. पहार लावली की पाळणा वर यायचा. पहार काढली की खाली जायचा. एकदम नाही जायचा. आधी जरा, मग सगळा. माणूस बसताना जसा आधी टेकतो आणि मग सैल होतो.

मी पहार फेकली. रागानंच फेकली, दुसरं काही नव्हतं.

मग चावी उघडली आणि तारेनं बांधली. पक्कडीनं पीळ दिला, असा की सोडवायला पुन्हा पक्कडच लागावी. पक्कड खिशात घातली, गोठ्याला कुलूप लावलं, किल्लीही खिशात घातली आणि घरी जाऊन चहा प्यालो. बुरुलचा कालिपाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तिच्या मानेची हाडं बघवत नव्हती. कालिपा खुणेनंच म्हणाली, हललेली नाही.

परत येऊन कुलूप काढलं. चावी बंद होती. तार हँडलला अडकवून ठेवली होती, बोटाभोवती गुंडाळून केलेली छान गोल वेटोळी, टोक आत खोवलेलं. आमच्या घरात तार अशी एकच माणूस ठेवायचा. फेकायची नाही, पुन्हा कामाला येते, असं मला सांगायचा. मला.

मी ती वेटोळी हातात घेऊन उभा राहिलो आणि कारणं शोधत होतो. उंदीर पीळ सोडवत नाहीत. जीनाली नदीकडे मेंढ्यांत होता, त्याच्या शिट्ट्या मला ऐकू येत होत्या. मग मीच बांधली नसेन. मग मीच सोडवून गुंडाळली असेन. हे शेवटचं कारण मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त आवडलं. माझं डोकं फिरलं असेल तर मग सगळं ठीकच होतं.

५

जीनालीला हाक मारली. म्हटलं, गाडी बाहेर उजेडात काढू, उतारावर ढकलून सुरू करू. जीनाली माझ्याहून खूप लहान आहे आणि गावात सगळ्यांत जास्त तोंड त्याचंच चालतं. आला, बाह्या सरसावल्या, मागून रेटा दिला आणि गाडी हलेना.

"आके, आत मेंढा लपवलाय का?" तो म्हणाला. "असेल तर एक तंगडी माझी."

मी म्हटलं, ढकल, तोंडानं ढकलू नकोस. दोघांनी खांदा लावला तेव्हा गाडी उंबऱ्यावरून गेली. अंगणातल्या ओल्या मातीत आली. जीनाली धापा टाकत कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि तेव्हा त्यानं खाली बघितलं. मीही बघितलं.

मोटरसायकलच्या दोन चाकांचा माग मातीत होता, जसा असतो तसा. पाळण्याच्या चाकाचा माग त्यांच्या दुप्पट खोल होता. त्यात पाणी भरायला लागलं होतं.

जीनालीनं पाळण्यात डोकावून बघितलं. रिकामी बैठक, सुरकुतलेली ताडपत्री. त्यानं हात पुढं केला होता, आतली धूळ झटकावी तसा, तो मधेच मागं घेतला. मग त्याला आठवलं की त्याची एक मेंढी व्यायला झाली आहे. मी म्हटलं, तुझ्या तर सगळ्या व्याल्या ना? तो फाटकाबाहेर पोचला होता. तिथून ओरडून म्हणाला की बॅटरी राहू द्या, परत नका करू.

असा शेजार.

६

मी अंगणात त्या गाडीसमोर उभा राहिलो. सूर्य डोक्यावर होता. आणि मला संताप आला. ती भीती होती असं कालिपा म्हणते, ती तिथं नव्हती.

मला राग कशाचा होता ते सांगतो. मला लहानपणी त्याला पाठीवर घेऊन शाळेत नेल्याचा राग होता. माझ्याआधी मेल्याचा राग होता, त्यानं मला खांदा द्यायचा होता, मी त्याला नाही. आणि आता मेल्यावरही पाळण्यात बसून राहिला होता, न बोलता, नेहमीसारखा, आणि त्याची बायको त्याच्यापायी गोठ्यात वाळत होती.

मी हे सगळं मोठ्यानं बोललो. कोणी ऐकलं असेल तर ऐकू दे. म्हटलं, एसेन, मोठा भाऊ समोर उभा आहे आणि तू बसून आहेस, ही कुठली रीत. तुला जायचं नसेल तर नको जाऊ. पण ती जेवत नाही. तुझ्या लक्षात येतंय का? तू तिला मारतोयस.

पाळणा जरासा हलला. वारा होता, हे मी खोटं सांगणार नाही, वारा होताच.

मग मी म्हणालो, "उघड ती चावी. मी हात लावणार नाही. तू बंद केलीस, तूच उघड."

आणि मी पाठ फिरवली. का फिरवली? माणूस कपडे बदलत असेल तर आपण पाठ फिरवतो, तसं काहीतरी. नदीकडे बघत उभा राहिलो. मागं टाकीखाली एक बारीक आवाज झाला. गंजलेल्या पितळेचा, किंचित कुरकुरता. तो आवाज मी आयुष्यभर ऐकला आहे.

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

७

आवाजानं कालिपा बुरुलचाला घेऊन धावत आली. धूर, धडधड, कोंबड्या सैरावैरा. मी हँडल धरून ओरडलो, बघ, सुरू झाली, आता काय म्हणणं आहे?

बुरुलचा फाटकाला धरून उभी राहिली. उभं राहणंही तिला जड जात होतं. म्हणाली, तुम्ही रागावलात म्हणून त्यानं ऐकलं. तुमचं तो ऐकतोच. पण बसलाय अजून.

मला वाटलं, आता हिला धरून हलवावं. पण त्याच वेळी मला ते सुचलं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रिकामा पाळणा लावून उजवीकडे जोरात वळलं की पाळण्याचं चाक हवेत उचलतं. म्हणून एकटा माणूस जाताना पाळण्यात वाळूचं पोतं टाकतो. आत कोणी बसलं असेल तर चाक उचलत नाही. ह्यात मुल्ला नको, डॉक्टर नको. चाकच सांगतं.

मी म्हटलं, "बुरुल, मी माळावर उजवी वळणं घेतो. तू इथून चाकाकडे बघ. चाक उचललं तर पाळणा रिकामा. मग तू तूल मोडायचं, घरात जायचं, चूल पेटवायची आणि जेवायचं. बोल."

तिनं एकदा पाळण्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चाक उचललं तर जेवेन. शब्द आहे."

कालिपा मला म्हणाली, आणि नाही उचललं तर? मी गिअर टाकला.

फाटकासमोरचा माळ सपाट आहे. पहिलं वळण मी बेतानं घेतलं. चाक जमिनीवर. ठीक, वेग कमी होता. दुसरं वळण जोरात घेतलं. चाक जमिनीवर, घट्ट, गवत चिरडत. मी सगळी मूठ पिळली. ह्या वेगात रिकामा पाळणा घेऊन वळलो असतो तर मी उलटाच पडलो असतो. गाडी अशी वळली की जणू आतला माणूस माझ्या बरोबर, मुरब्बी माणसासारखा, आतल्या अंगाला कलतोय. ताडपत्री दोन ठिकाणी वर ताणलेली होती, गुडघ्यांसारखी, आणि मधे खाली गेलेली. एवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मान वळवून मी बघितलं नाही.

फाटकात बुरुलचा उभी होती. चाकाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. हे मला बघवलं नाही. ती मरायला मोकळी झाली होती.

मी पुढं बघूनच बोललो. ह्या वेळी ओरडलो नाही, इंजिनाच्या आवाजात मलाच ऐकू येत नव्हतं. म्हटलं, उतर रे. तिला जेवू दे. उतर.

आणि वळलो.

चाक इतकं अचानक उचललं की हँडल हातातून सुटायला आलं. पाळणा हलका झाला, हवेत तरंगला, चाक मोकळं गरगरत माझ्या खांद्यापर्यंत आलं. ताडपत्री सपाट फडफडत होती. मी कशीबशी गाडी सावरली, चाक जमिनीवर आपटलं, आणि मी हसलो, ओरडलो, उचललं, बुरुल, बघितलंस का, म्हणत फाटकाकडे बघितलं.

फाटकाच्या डाव्या खांबाशी कालिपा होती, ती तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मधे बुरुलचा होती. आणि बुरुलचाच्या पलीकडे, उजव्या खांबाशी, नुसत्या सदऱ्यावर, कोट न घातलेला एक माणूस उभा होता. डोळ्यांवर हाताची सावली धरून माझं चालवणं बघत होता.

इंजिन तिथंच खोकून बंद पडलं. मी चावीकडे बघितलं. मान पुन्हा वर केली तेव्हा फाटकात दोघीच होत्या.

८

बुरुलचानं शब्द पाळला. त्याच दिवशी तूल मोडलं. लोकर काढून पिंजायला ठेवली, कोट झटकला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाली, तुम्ही घाला, आके, आता ह्याची गरज नाही. मग घरात जाऊन चूल पेटवली, पीठ मळलं, त्याच्या तुकड्यांचे बोर्सोक तळले. कालिपा म्हणते, पातेलंभर खाल्ले असतील.

आता तिच्या गालांवर मांस आलं आहे. दवाखान्यातली बाई मला वाटेत भेटली की हात जोडते. मुलीचा मॉस्कोहून फोन येतो, आई हसते म्हणून सांगते, रडते. गावात सगळे माझ्याबद्दल म्हणतात, शारशेनाली आके भांडखोर आहे, पण भावजयीला त्यानंच वाचवलं. म्हणू देत. गाडी मी जीनालीला देऊ केली होती, तो नको म्हणाला.

कुरणावर जायच्या आदल्या सकाळी मी तिच्याकडे गेलो, बरोबर येतेस का विचारायला. दार उघडंच होतं. ती सतरंजीवर बसून चहा करत होती. गुणगुणत होती, रडगाणं नव्हे, दुसरंच काहीतरी. समोर दोन वाडगे होते. मला बघून तिनं तिसरा घेतला.

आमच्यात चहा कसा ओततात ते सांगायला हवं. ज्यानं बसावं, बोलावं असं वाटतं, त्याला तळाशी घोटभर ओततात. तो पितो, वाडगा पुढं करतो, पुन्हा घोटभर. घरातलं माणूस असेल तर सकाळभर असं चालतं. आणि काठोकाठ भरून दिला, तर त्याचा अर्थ, हे प्या आणि निघा. तोंडानं कोणी बोलत नाही. पाहुण्याला समजतं.

मी कुरणाबद्दल बोलत होतो, ती मान हलवत होती आणि बोलता बोलता ओतत होती. स्वतःच्या वाडग्यात घोटभर. दुसऱ्या वाडग्यात घोटभर, तो तिनं सतरंजीच्या पलीकडच्या कडेला सरकवला, जिथं गादी होती. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मी चुलीकडे बघत बोललो. थोड्या वेळानं तिनं हात लांब करून तो वाडगा परत घेतला. तळ कोरडा होता, बाजूला चहाची एक पत्ती चिकटलेली. तिनं पुन्हा घोटभर ओतला आणि सरकवला.

मी विचारलं, बुरुल, तू येतेस ना वर?

तिनं माझा वाडगा उचलला. चहा ओतला. ओततच राहिली. काठाला आला, वर फुगवटा धरला, आता सांडेल असं वाटलं तेव्हा थांबली. दोन्ही हातांनी, मान खाली घालून, रीतीप्रमाणे माझ्यापुढं धरला.

मी त्या घरातला मोठा. त्या घराचं छप्पर मी घातलं आहे. मला त्या घरात आजवर कोणी भरलेला वाडगा दिला नव्हता. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मी तोंड उघडलं होतं, कोणाला काय सुनवायचं ते सगळं जिभेवर आलं होतं. मग मला दिसलं की बुरुलचा माझ्याकडे बघत नव्हती. ती गादीकडे बघत होती, आता झालं ना तुझ्या मनासारखं, असं.

चहा जिभेला पोळत होता. मी तो उभ्यानं, एका दमात प्यालो.